साहेबांसाठी झाडलेले तळे

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी माझ्या आत्याचे म्हणून सांगतो. आईबापांचे ऋण असतेच, पण माझे आईबाप तापाच्या साथीत एकामागोमाग गेले तेव्हा मला त्यांचे चेहरे लक्षात राहण्याइतकेही वय नव्हते. आत्या लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पांढरे करून माहेरी परत आली होती. घरात तिला कोणी वाईट वागवले असे नाही, पण तिच्या हक्काचे म्हणावे असे काही असेल तर तो तळ्याच्या बांधाखालचा जमिनीचा एक तुकडा. आजोबांनी तो तिला तोडून दिला होता. सगळे गाव त्याला आत्याचा मळा म्हणे. मी त्या मळ्यावर शिकलो.

आमचे गाव शहापूर तालुक्यातले, पण मुरबाडच्या शिवेला टेकलेले. कचेरीचे काम शेणवे गावावरून चालत जाऊन शहापूरला, बाजार धसईला. चारी बाजूंनी भातखाचरे आणि वर डोंगर. भात एकदा कापले की जमीन पांढरी पडायची आणि पुढच्या पावसापर्यंत तशीच राहायची. हिरवे काही दिसायचे ते फक्त तळ्याच्या बांधाखाली. त्या बांधाच्या पोटातून बाराही महिने पाझर असे. आत्या त्या ओलीवर वांगी, मिरच्या, लाल माठ, मुळे, काकड्या काढायची. वैशाखात गावाला पिठल्याशिवाय कोरड्यास मिळत नसे तेव्हा आत्याच्या मळ्यात भेंडी असायची.

मराठी चौथीनंतर मी शहापूरला शिकायला गेलो. ज्यांच्या ओटीवर मी राहायचो त्यांच्याकडे आत्या आठवड्याला भाजीची टोपली पोचवायची. टोपली डोक्यावर, अनवाणी, उजाडताना निघून. पुढे मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत गेलो, तिथून मुंबईच्या कॉलेजात. प्रत्येक पायरीला कोणीतरी चांगला माणूस भेटला, हे मी नाकारत नाही. पण पायरी चढायला लागणारे बळ बांधाखालच्या त्या पाझरातून येत होते. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घराण्यात सही करता येणारा मी पहिलाच होतो. पेढे घेऊन गावी गेलो. आत्या मळ्यात होती. तिने हात लुगड्याला पुसले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड हाय. आता नोकरी धर. लग्नाचं मंग बगू."

मी कल्याणला शाळेत मास्तर झालो. सुट्टीला गावी जायचो.

तळ्याची गोष्ट इथून सुरू होते. दर वर्षी होळीनंतर घरटी एक माणूस तळ्यावर यायचा. पाणी उतरलेले असे. वरवरचा गाळ काढायचा, शेवाळ ओढायचे, डोंगरावरून तळ्यात येणारा पाट मोकळा करायचा आणि गाळ ज्याने त्याने आपल्या खाचरात न्यायचा, अशी रीत होती. पण माझ्या कॉलेजच्या वर्षांत गावातले तरणे हात मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे गेले. घरटी माणूस निघेना. म्हातारे आणि बायका किती ओढणार? तळ्यावर हिरवी साय धरली. त्यातच नारू वाढला. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना सांगतो, पायाला फोड येतो, तो फुटतो आणि आतून सुतासारखा जंत निघतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणात. पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरून हंडे भरायचे ही आमची पद्धत, आणि नारू त्याच पाण्यातून पसरतो, हे मी पुस्तकात वाचले होते. तेव्हा गावाने ठरवून सरकारकडे अर्ज केला. अर्ज मी लिहिला. चांगला लिहिला होता. तळे साफ व्हायला हवे होते हे मी आजही म्हणेन.

अर्ज मंजूर झाला याचा गावाला केवढा आनंद झाला! दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या वर्षीचा तो उन्हाळा. कंत्राटदार आला. अंगात पांढरा कोट, डोक्यावर काळी टोपी, बोलणे गोड. त्याने बरोबर घाटावरचे मजूर आणले. गावकऱ्यांना त्याने सांगितले की तुम्ही आता हात लावायचा नाही, हे सरकारी काम. गाळ न्यायलाही मनाई. गाळ सरकारचा.

पाणी काढून टाकण्यासाठी त्याने बांधच मधोमध कापला. उरलेसुरले पाणी एका सकाळी आत्याच्या मळ्याच्या कडेने ओहोळाला गेले. मी सुट्टीवर होतो. आत्या बांधावर उभी होती.

"सायेब, कापताय खरं, पन परत बांधणार कोन?" तिने विचारले.

"बाई, सरकारचा बांध सरकार बांधील," कंत्राटदार हसत म्हणाला. "तुमच्या काकड्या कशा दिल्या?"

"इकत नाय. खायाच्या तर घेऊन जा," आत्या म्हणाली, आणि खरेच त्याला दोन काकड्या दिल्या.

पुढचे सगळे डोळ्यांसमोर झाले. गाळ काढला तो लांब न्यायला नको म्हणून डोंगराच्या अंगाला, पाटाच्या तोंडावरच ढीग घातला. अर्धा गाळ तळाशीच राहिला, त्यात मासे मरून पडले. पायऱ्यांचे दगड उपटले ते वाकडेतिकडे बसवले. आणि बांध? आमच्याकडे बांध घालायचा म्हणजे ओली चिकणमाती टाकायची, तिच्यावर रेडे फिरवायचे, मग पुन्हा माती, पुन्हा रेडे. हे काही कोणाचे गुपित नव्हते, शेंबडे पोरही सांगेल. कंत्राटदाराने कोरडा मुरूम टाकला आणि बाहेरून दगड लावले. दिसायला देखणे. मे महिन्याच्या उन्हात त्या बांधाला हात जाईल एवढ्या चिरा पडल्या.

आणि मग निरोप आला की मोठे साहेब काम पाहायला येणार आहेत. काम पसंत पडले तर तिथेच सही करतील, आणि कंत्राटदाराचे पैसे सुटतील.

मला वाटले, झाले. आता सगळे उघड्यावर येईल. पण त्याच संध्याकाळी पाटलांनी आंब्याखाली गाव जमवले. पाटील वयस्क होते, कोणाचे वाकडे न केलेला माणूस. ते म्हणाले, "सायेब आपल्या गावात पयल्यांदा येतोय. इतका मोठा सायेब या शिवारात कदी आला नाय. त्याला काय मेलेले मासे दावायचे?"

"मासे कंत्राटदारानं मारले. त्यालाच दावू द्या," एक गिरणीवाला म्हणाला. तो नारूने पाय धरल्यामुळे रजेवर आला होता.

"अरे, गाव कुनाचं? कंत्राटदाराचं का आपलं? वास कुनाच्या गावाला येतो म्हनंल सायेब?"

मी उठून म्हणालो, "पाटील, साहेब पाहायलाच येतोय. जे आहे ते त्याला दिसू द्या. आपण झाकले तर त्याला दिसणार काय?"

पाटील माझ्याकडे मायेने पाहून हसले. "मास्तर, तुमी शिकलात, आमाला अभिमान हाय. पन पाव्हणा दारात आल्यावर आदी पायावर पानी, मंग च्या, मंग गाऱ्हानं. च्या पिऊन झाला की सांगूच की. तुमीच सांगा, इंग्रजीत."

सगळ्यांना हे पटले. आत्यालाही पटले. "घरात कोन येनार असलं तर आपन सारवत नाय का?" ती मला म्हणाली. मी गप्प बसलो, कारण तिच्या घरात मी अख्खे आयुष्य पाहुण्यांसाठी सारवलेली जमीन पाहत आलो होतो.

मग गाव असे राबले की होळीनंतरच्या कामाला इतकी वर्षे राबले नव्हते. घरटी माणूस निघाला, घरटी दोन निघाले. मेलेले मासे पुरले. तळाच्या चिखलावर ओहोळाची वाळू आणून पसरली. पायऱ्यांना चुना दिला. पाटाच्या तोंडावरचा गाळाचा ढीग उघडा दिसू नये म्हणून त्यावर जांभळीच्या फांद्या रोवल्या, लांबून बाग वाटावी अशा. बायकांनी शेणमाती कालवली आणि बांधाच्या साऱ्या चिरा लिंपून टाकल्या. वर पांढऱ्या मातीचा हात दिला. हसतखिदळत चालले होते. "सायबाच्या लग्नाचा मांडव गो!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "नवरी कोन, कंत्राटदार का?" त्यावर सगळ्या बांधावर बसून हसल्या. कंत्राटदार सावलीला उभा राहून विडी ओढत होता. त्याने कुणालाही मनाई केली नाही.

साहेब आले. मोटार शेणव्याला ठेवून बैलगाडीने आले. मराठीच होते, पुण्याकडचे, मवाळ बोलणारे. त्यांच्याविषयी माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता. त्यांना तोरणाखालून नेले. पांढऱ्या पायऱ्या, वाळूचा तळ, गुळगुळीत बांध. ते थांबून म्हणाले, "वा! फार नेटके काम आहे. इतके स्वच्छ तळे मी या जिल्ह्यात पाहिले नाही."

"सायबांची पुण्याई," पाटील म्हणाले.

"गावकरी समाधानी आहेत ना?"

"आमाला काय कमी हाय, सायेब?"

बैठक घातली होती. चहा झाला. आत्याने मळ्यातल्या काकड्या, फार कोवळ्या, मीठ-मिरची लावून पितळी ताटात पाठवल्या. साहेबांनी दोनदा घेतल्या आणि काकडी कुठली म्हणून विचारले. बांधाखालची, म्हटल्यावर म्हणाले, "बघा, तळे चांगले तर मळा चांगला." मग त्यांनी कंत्राटदाराचा कागद मांडीवर घेतला आणि सही केली.

चहा पिऊन झाला होता. मी पाटलांकडे पाहिले. पाटलांनी जमिनीकडे पाहिले. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, पाटाचे तोंड बुजले आहे. आणि बांध कोरड्या मुरुमाचा आहे, वरून जे दिसते ते—"

"हो, हो," साहेब उठत म्हणाले, "आपण सुशिक्षित दिसता. लेखी पाठवा."

आणि गाडी निघाली. बायका गाडीमागे थोड्या अंतरापर्यंत गेल्या, पाहुण्याला पोचवायला जातात तशा.

मी लेखी पाठवले. उत्तर आले नाही. त्याऐवजी मृगाच्या आधी बांधावर एक दगडी पाटी आली. तिच्यावर तळ्याची स्वच्छता अमुक सरकारच्या कृपेने झाली असे कोरले होते आणि खाली खर्चाचा आकडा. तो आकडा गावातल्या वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवला. गिरणीवाला म्हणाला, "येवढ्यात आमी तळ्याला चांदीचा तळ घातला असता." लोक हसले, पण ते हसणे मांडवातल्या हसण्यासारखे नव्हते.

श्रावणात, भरदुपारी, बांध फुटला. कापला होता तिथेच. मी कल्याणला शाळेत होतो. शनिवारी गेलो तेव्हा पाहिले. मळ्याच्या जागी दगड होते, कंत्राटदाराने बांधाला बाहेरून लावलेले तेच देखणे दगड, आणि त्यांच्यामध्ये पिवळा मुरूम. वरची काळी माती, आत्याने आयुष्यभर राख आणि शेण घालून केलेली, ओहोळातून वाहून गेली होती. पडवळाच्या मांडवाचा एक बांबू तेवढा उभा होता. आत्या दगडावर बसली होती. मला पाहून म्हणाली, "सगळा मळा धसईच्या बाजारला गेला रे. माझी टोपलीच तेवढी मागं ऱ्हायली."

ती रडली नाही. पायाजवळचा एक दगड बाजूला सारत म्हणाली, "पोरा, बांध परत घालतील ना? बांध घातला तर पाझर येल. माती मी करीन. माती करता येते."

तिला दुसरे काही नको होते. मळा हवा होता. त्यानंतर मी जे जे अर्ज लिहिले ते सगळे एवढ्यासाठी.

शहापूरच्या कचेरीतून पहिले उत्तर आले की कामाची तपासणी वरिष्ठांनी समक्ष केलेली असून काम उत्तम व गावकरी समाधानी असल्याची नोंद आहे. मी दुसरा अर्ज केला. त्यात पाटाचे लिहिले. उत्तर आले की पाट ज्या डोंगरावरून येतो तो मुरबाड तालुक्यात मोडतो, तरी तिकडे अर्ज करावा. मुरबाडला केला. मुरबाडने कळवले की तळे शहापूर तालुक्यातले. मी शिकवायला जाण्याआधी रोज सकाळी अर्ज लिहीत होतो आणि वर्गात मुलांना सांगत होतो की कायद्यापुढे सर्व सारखे. मध्येच लढाई सुरू झाली. मग प्रत्येक उत्तराला एक शेपूट लागले, सांप्रत युद्धपरिस्थितीमुळे.

शिमग्यापर्यंत तळ्यात चिखल उरला. बायका ओहोळात झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. पाझर थांबला. गिरणीवाल्याने आणि चारपाच जणांनी रेडे आणून बांध स्वतः घालायचे ठरवले, तर तलाठ्याने येऊन सांगितले की परवानगीशिवाय सरकारी बांधाला हात लावाल तर खटला होईल. लोक दगडी पाटीवर चिखल फेकून घरी गेले.

शेवटी चौकशीला एक दुसरे साहेब आले. या वेळी गावाने आधीच ठरवले होते. झाडायचे नाही. तोरण नाही, बैठक नाही, चहा नाही. पाटलांनी तोंडातून शब्द काढला नाही. तळ्यात कुत्रे मरून पडले होते तेही तसेच ठेवले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"नाक कशाला झाकता?" एक म्हातारी म्हणाली. "तुमचंच काम हाय, वास घ्या की."

"हे गाव किती घाणेरडे आहे!" साहेब बरोबरच्या कारकुनाला म्हणाले.

"सायेब, पाटीवरचा आकडा वाचा!" मागून कोणीतरी ओरडले. "इतक्या पैशात येवढी घाण आमाला एकट्यांना करता आली नसती!"

लोक पुढे सरकले. बायका रिकामे हंडे घेऊन आल्या होत्या, ते त्यांनी दगडांवर आपटायला सुरुवात केली. मी सगळ्यांना मागे सारत होतो. माझे अजून मत होते की शांतपणे सांगितले तर साहेब ऐकतील. मी त्यांना फुटलेल्या बांधाजवळ नेले. मुरूम दाखवला. त्यांनी छडीने न फुटलेल्या भागाची कड खरवडली. वरचा पोपडा निघाला.

"हे काय आहे?"

मी पाहिले. बायकांच्या बोटांचे ठसे त्यावर अजून होते.

"शेणमाती," मी म्हणालो.

"सरकारी बांधाला शेण कोणी लावले?"

आत्या पुढे होऊन म्हणाली, "आमी. तुमच्यासारखेच एक सायेब येनार व्हते म्हनून."

मी त्यांना सगळे सांगितले, पाहुण्यासाठी घर सारवतात त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि कारकुनाला लिहायला सांगितले. काही महिन्यांनी निकाल आला. अतिवृष्टी झाली, शिवाय गावकऱ्यांनी बांधाच्या कामात परस्पर ढवळाढवळ केल्याचे आढळले, शिवाय तळ्याची निगा राखण्यात गाव हयगय करते. सबब दुरुस्तीची जबाबदारी सरकारवर येत नाही.

मी तो कागद आंब्याखाली वाचून दाखवला. झाडले तेव्हा काम चांगले ठरले, झाडले नाही तेव्हा गाव घाणेरडे ठरले. पाटील काठी टेकत उठले आणि घरी गेले. त्या दिवसानंतर ते तळ्याकडे फिरकले नाहीत, शेवटपर्यंत.

लढाईमुळे मुरबाडकडचा रस्ता रुंद होत होता. काम त्याच कंत्राटदाराकडे होते. आत्या तिथे खडी फोडायला जाऊ लागली. मला हे दुसऱ्याकडून कळले. मी गेलो आणि म्हणालो, कल्याणला चल, माझ्या खोलीत रहा. ती म्हणाली, "तुज्या खोलीत मी काय लावू? भिंतीला वांगी?" कंत्राटदाराने तिला ओळखले होते, हेही तिने सांगितले. तो म्हणाला होता, बाई, तुमची काकडी फार गोड होती.

लढाई मध्यावर आली असताना एक दिवस गावच्या शाळामास्तरांच्या हातचे कार्ड आले. आत्याने सांगून लिहवून घेतले होते. तलाठी कागद घेऊन आला होता. ओहोळाच्या काठची सरकारी पडीक जमीन, पाण्याला लागून, आत्याला कसायला मिळेल. दर साल कसू लागली तर पुढे तिच्या नावावर होईल. त्याबदली तिने अंगठा द्यायचा. कागदात लिहिले होते की बांध अतिवृष्टीने फुटला, काम योग्य झाले होते आणि आपली कोणतीही तक्रार उरलेली नाही. नुकसान झालेली तीच एक होती, म्हणून तिचा अंगठा पडला की गावाचे गाऱ्हाणे कायमचे मिटत होते. आंब्याखाली लोकांनी तिला बजावले होते की अंगठा दिलास तर गावाला विकलेस. कार्डाच्या शेवटी होते: तलाठी पुढच्या बाजाराच्या दिवशी येणार. तू शिकलेला. तू सांगशील तसे करीन.

मी रविवारभर बसून उत्तर लिहिले. अर्ज करून करून मला आधी कच्चे लिहायची सवय लागली होती, त्यामुळे तो कच्चा कागद माझ्याकडे राहिला. पाठवलेले पत्र असे:

आत्या,

तुझ्या पायांवर डोके ठेवून लिहितो. हे पत्र मास्तर तुला वाचून दाखवतील. त्यांना सांग, आंब्याखाली चार माणसांत मोठ्याने वाचा. माझी हरकत नाही.

अंगठा दे.

कागदात लिहिले आहे ते खोटे आहे. पावसाने तुझे काही नेलेले नाही. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि सही करणाऱ्या साहेबालाही आता माहीत असेल. मी गेली काही वर्षे हेच खरे कागदावर आणायला धडपडलो. मला वाटत होते की आपण नीट लिहिले, नम्रपणे लिहिले, तर कोणीतरी वाचील. त्यांनी वाचले. वाचून जे लिहायचे ते लिहिले. आता माझ्या आणखी एका अर्जासाठी तू खडी फोडत राहावीस, हे मला चालणार नाही.

गावकऱ्यांनी ऐकावे म्हणून लिहितो. साहेब येणार म्हणून तळे झाडून सजवायचे हे गावाने ठरवले, माझी आत्या त्यात होती आणि तिने तिच्या काकड्याही दिल्या. तेव्हा सगळ्यांचा मान राखायचा होता. मळा मात्र तिच्या एकटीचा गेला. आता सगळ्यांचे गाऱ्हाणे तिच्या एकटीच्या अंगठ्यावर उभे आहे, आणि ते तिने उपाशी राहून सांभाळावे असे तुम्ही म्हणता. मी तुमचा ऋणी आहे, तुमच्या मुलांना लिहायला शिकवायलाही तयार आहे. पण हे मला पटत नाही. कोणाला गाव विकल्याचा राग आला तर तो माझ्यावर काढावा. सल्ला माझा आहे. पुढच्या सुट्टीत मी येतो, तेव्हा तोंडावर बोला.

आत्या, अंगठा देण्याआधी तलाठ्याला सगळा कागद मोठ्याने वाचायला लाव. जमिनीच्या चारी हद्दी त्यात आहेत का ते बघ. पाण्याकडची हद्द नीट विचार, पाण्यापर्यंत आहे असे लिहून दे म्हणावे. नाही तर उद्या पाणी त्यांचे आणि दगड तुझे असे होईल. मास्तरांना जवळ उभे कर. शाई पुसून मग घरी ये.

खडीच्या कामावर उद्यापासून जाऊ नकोस. ओहोळाकाठची माती पातळ आहे, पहिल्या साली मुळे आणि माठच कर. वांग्याची घाई नको, हे मी तुला सांगायची गरज नाही.

मला फार लाज वाटते आहे, पण ती तुझ्या अंगठ्याची नाही.

तुझ्या भाजीवर वाढलेला,
तुझा भाचा